बरा झालेला हात

"इथे सही करा," काचेपलीकडची मुलगी म्हणाली आणि तिने फटीतून कागद पुढे सरकवला. ख्रिसान्थीचा उजवा हात कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत प्लास्टरात होता. प्लास्टर अजून कोमट होतं, आणि मागे रांगेत कुणीतरी घाई असल्यासारखं खोकत होतं. "कशीही करा हो, नुसती रेघ मारली तरी चालेल," मुलगी म्हणाली. ख्रिसान्थीने पेन डाव्या हातात घेतलं. रेघच मारायची होती तिला. पण पेन बोटांत बसलं आणि काही कळायच्या आत कागदावर पूर्ण नाव उमटलं. ख्रिसान्थी तोपालीदू. पहिलीतल्या पोरीने काढावं तसं मोठं, गोल, आणि ओळीवर सरळ उभं. उजव्या हाताने ती वयाच्या छप्पन्नाव्या वर्षापर्यंत सही करत आली होती आणि त्या सहीने कधी ओळ धरली नव्हती. बँकेतले लोक दोनदा करायला लावत. "अय्या, डावखुऱ्याच आहात की तुम्ही!" मुलगी हसून म्हणाली. "नशीब बघा तुमचं." "नाही," ख्रिसान्थी म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली की मुलीने मान वर करून तिच्याकडे बघितलं. ते 'नाही' तिने ठरवून म्हटलंच नव्हतं. ते तिच्या तोंडात पन्नास वर्षं तयार बसलेलं होतं, कुणी विचारलं की बाहेर यायला.

आईला जाऊन पाच दिवस झाले होते. त्या सकाळी बसमधून उतरताना ख्रिसान्थीचा पाय घसरला, आणि पडताना पुढे आला तो उजवा हात. हेही तिला परतीच्या बसमध्येच सुचलं, की पडतानासुद्धा डावा पुढे आला नाही. इतकं चोख काम केलं होतं आईने. खिडकीतून थेसालोनिकीच्या ओल्या भिंती मागे जात होत्या आणि ती मांडीवरच्या डाव्या हाताकडे बघत होती. जुन्या ओळखीचा माणूस अचानक समोर येऊन बसावा आणि काय बोलावं ते सुचू नये, तसं तिला झालं होतं. पहिलीच्या वर्षी आई रोज सकाळी तिला दारात उभी करायची, शाळेचा निळा झगा अंगावर चढवायची आणि डाव्या बाहीचं तोंड शिवून टाकायची. हात आत. बारीक टाके, निळाच दोरा, म्हणजे कुणाला दिसू नये. सुई मनगटाजवळून जाताना ख्रिसान्थी श्वास धरून उभी राहायची. आई कधी टोचायची नाही, हे मात्र खरं. संध्याकाळी आई तेच टाके उसवायची, दोरा बोटाभोवती गुंडाळून उद्यासाठी ठेवायची. एकदा वर्गात ख्रिसान्थीने दातांनी टाका उसवला आणि एक बोट बाहेर काढलं. नुसतं काढलं. त्या बोटाने काही केलं नाही, बाकावर ठेवून बघत बसली. मास्तरांनी त्या एका बोटावर पट्टी मारली. घरी आल्यावर आईने बोटाला लोणी लावलं आणि दुसऱ्या दिवशी टाके दुहेरी घातले.

बरं, आई दुष्ट असती तर सोपं झालं असतं. आई दुष्ट नव्हती. कालामारियातल्या निर्वासितांच्या बराकींत ती जन्मली होती. समुद्रापलीकडून, तुर्कस्तानातून आलेली माणसं, बोली वेगळी, जेवण वेगळं, नळावर पाणी भरायला गेलं की गावातल्या बायका म्हणायच्या, आली तुर्कांची पिलावळ. "आपल्याकडे आधीच बोटं दाखवतात," आई शिवता शिवता सांगायची, "त्यात तू आणखी एक निमित्त देऊ नकोस, माझे आई." अन्न उजव्याने, देव उजव्याने, अक्षर उजव्याने. एवढं पाळलं की मग झाडायला, धुवायला कुठला का हात असेना. ख्रिसान्थीने पाळलं. पुढे तिने कपडे दुरुस्त करून देण्याचं दुकान काढलं, आणि तिथे मात्र पडदा ओढून ती सुई डाव्या हाताने चालवायची. गिऱ्हाईक आलं की सुई पटकन उजवीकडे जायची. नवरा होता तोवर त्यालाही कळलं नाही. एवढ्या लहानशा गोष्टीसाठी माणूस आयुष्यभर पडदा ओढत बसतो, याचा आज बसमध्ये तिला राग आला. राग आईचा नव्हता. त्या पडद्याचा होता, आणि तो ओढणाऱ्या बाईचा.

पुढच्या रविवारी ती चर्चला गेली. गळ्यातल्या झोळीत उजवा हात, आणि क्रूस काढायची वेळ आली तेव्हा डावा आपसूक वर गेला. कपाळ, पोट, आणि मग खांदा. आरशात उमटावं तसं सगळं उलटं झालं. त्यांच्या ऑर्थोडॉक्स रीतीतल्या उजव्या खांद्याऐवजी आधी डावा, मग उजवा. शेजारी आईची मैत्रीण सुमेला मावशी उभी होती, बराकीत एकाच भिंतीच्या दोन बाजूंना वाढलेली, ब्याऐंशी वर्षांची. तिने ख्रिसान्थीचं कोपर धरलं. "अगं बये, कॅथलिकांसारखा क्रूस काय काढतेस! आई वरून बघत असेल." पुढच्या दोन रांगांतल्या माना वळल्या. प्रार्थना संपल्यावर पापा-थिमिओस, चर्चचे पाद्री, स्वतः तिच्याकडे आले. चांगला माणूस. गुडघ्यांच्या दुखण्याने डुलत चालायचे. "सुमेलाचं मनावर घेऊ नकोस," ते म्हणाले. "हात मोडलाय तोवर डावा चालेल. आजाऱ्याला सगळं माफ असतं, पोरी. फक्त खांदा आधी उजवा धर." सुमेला मावशीने मान डोलावली. थोरली बहीण पार्थेनाने मान डोलावली. सगळ्यांचं समाधान झालं. ख्रिसान्थीनेही "बरं, पापा" म्हटलं, आणि बाहेर पायऱ्यांवर आल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला माफी मिळाली. कशाची? पेन धरल्याची? तिला ती माफी बुटात शिरलेल्या खड्यासारखी घरापर्यंत टोचत राहिली.

त्याच चर्चच्या मागच्या भिंतीवर शेवटच्या निवाड्याचं चित्र आहे. मधे ख्रिस्त, त्याच्या उजव्या बाजूला तरलेली माणसं, पांढऱ्या कपड्यांतली, आणि डाव्या बाजूला आगीची नदी. रविवारच्या वर्गातल्या बाईंनी पोरांना त्या भिंतीपुढे उभं करून सांगितलं होतं, डावी बाजू ही अशी असते. ख्रिसान्थी सात वर्षांची होती. तिने चित्राकडे बघितलं, स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि म्हणाली, "पण बाई, आग तर माझ्या उजव्या हाताला आहे." आणि होतीच. ख्रिस्त भिंतीतून बाहेर बघत होता आणि ती भिंतीकडे, तेव्हा त्याचं डावं ते तिचं उजवं. बाईंनी क्षणभर विचार केला, आणि मग उत्तर सापडेना म्हणून थोबाडीत दिली. ते आठवून ख्रिसान्थीला आता प्लास्टरसकट हसू आलं. सात वर्षांची ती पोरगी कुठे गेली होती मधल्या काळात? मार खाल्ला, पण आपलं म्हणणं मागे घेतलं नव्हतं तिने. मागे घ्यायला नंतर शिकली, हळूहळू, टाक्याटाक्याने.

पाच आठवडे डावा हात घरभर हिंडला. त्याने कांदे चिरले, दाराला किल्ली लावली, पाण्याच्या बिलावर सही केली. तिने पडदाही उघडा ठेवला. गिऱ्हाइकं म्हणायची, वा, डाव्याने किती छान जमतंय तुम्हाला, आणि ती प्लास्टर पुढे धरायची, जणू पास दाखवतेय. कौतुक होत होतं तोवर गोड वाटलं, मग वाटेनासं झालं. रात्री पडल्यावर तिला आईचं तोंड आठवायचं. शेवटची दोन वर्षं आई अंथरुणाला खिळली होती. आधी तारखा गेल्या, मग माणसांची नावं, मग ख्रिसान्थी ही कोण हेही गेलं. बाई, तुम्ही कुठल्या, असं ती अदबीने विचारायची. पण चमचा डाव्या हातातून आला की ओठ मिटायची. उजव्या हातात घेतला की उघडायची. एकदा ख्रिसान्थीचा उजवा खांदा धरला होता म्हणून तिने दुपारभर डाव्याने प्रयत्न केला, सूप तापवलं, निवलं, पुन्हा तापवलं. "आई, मी आहे गं. घे ना." आईने भिंतीकडे मान फिरवली. लेक विसरली, पण लेकीचा हात विसरली नाही. ख्रिसान्थी स्वयंपाकघरात जाऊन रडली होती, आणि मग डोळे पुसून, खांदा दाबून, उजव्या हातात चमचा घेऊन परत आली होती. आई सगळं सूप प्यायली आणि म्हणाली, "देव तुमचं भलं करो, बाई."

आईच्या चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना रविवारी ठरली होती, आणि प्लास्टर निघालं शुक्रवारी. डॉक्टरांनी करवत फिरवली, आतून एक पांढुरका, सुकलेला हात निघाला. "हाड मस्त जुळलंय," ते म्हणाले. "थोडा आखडलाय, तेवढंच. आजपासून चमचा धरा, पेन धरा. वापराल तसा मोकळा होईल. अगदी बरा आहे." बाहेर बाकावर बसून ख्रिसान्थीने दोन्ही हात मांडीवर ठेवले. बरा झाला म्हणजे माफी संपली. एवढा साधा हिशोब होता, पार्थेनाला तो सांगावाही लागणार नव्हता. घरी येऊन तिने गहू भिजत घातले.

कोलिवा, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाचा गव्हाचा प्रसाद, घरातली धाकटी करते हे त्यांच्याकडे ठरलेलं. गहू उकडायचे, चादरीवर पसरून सुकवायचे, त्यात बेदाणे, बदाम, डाळिंबाचे दाणे, दालचिनी, वरून भाजलेलं पीठ आणि त्यावर पिठीसाखरेचा जाड थर, दाबून दाबून गुळगुळीत केलेला. मग त्या पांढऱ्यावर चांदीच्या गोळ्यांचा क्रूस आणि बदामांनी गेलेल्या माणसाची आद्याक्षरं. प्रार्थनेनंतर हे सगळ्यांना वाटायचं, आणि प्रत्येकाने पहिला घास घेताना म्हणायचं, देव तिला क्षमा करो. जितकी तोंडं तितक्यांदा. आई हिशोब ठेवायची, कुणाच्या चाळिसाव्याला किती माणसं आली, किती तोंडांनी म्हटलं. शनिवारी दुपारी पार्थेना आली तेव्हा ख्रिसान्थी ताटावर वाकून अक्षरं लावत होती. क्रूस झाला होता. वडिलांच्या वेळी तिने उजव्या हाताने लावलेला क्रूस एका बाजूला कलला होता आणि आई हळहळली होती. हा सरळ होता. इतका सरळ की ती स्वतःच दोनदा मागे सरून बघून आली होती.

पार्थेनाने पर्स खुर्चीवर टाकली. "छान झालंय," ती म्हणाली, आणि मग तिला हात दिसला. "अगं, प्लास्टर काढलं ना काल?"

"काढलं."

"मग डाव्याने काय करतेस?"

"अक्षरं लावतेय."

"दिसतंय मला, आन्थी. आंधळी नाही झाले अजून." पार्थेना खाली बसली. तिचा आवाज आईसारखा होत चालला होता. "हात मोडला होता तोवर कुणी काही बोललं का? पापांनी स्वतः चालवून घेतलं. आता कशाला हे नाटक? आणि तेही आईच्या ताटावर?"

"नाटक पन्नास वर्षं केलं. हे नाटक नाही."

"आई मेली असती पण तुझ्या डाव्या हातचा घास घेतला नसता तिने. तूच सांगितलंयस मला, तूच रडलीस माझ्या खांद्यावर."

"हो."

"मग तिच्याच नावाचं अन्न तू त्या हाताने करायचं? सूड घेतेस की काय म्हातारीवर?"

ख्रिसान्थीचा हात थांबला. बोटांत बदाम होता. सूड असेलही, तिच्या मनात आलं. थोडा असेल. तिला वाटलं होतं आपल्याला या प्रश्नाचं काहीतरी उदात्त उत्तर सापडेल, पण सापडलं नाही, आणि त्याची लाजही वाटली नाही. "तुला काय म्हणायचंय ते म्हण," ती म्हणाली. "मी तिला दोन वर्षं उजव्या हाताने भरवलं. तिला हवं तसं. ती उपाशी राहू नये म्हणून. आता तिला भूक नाही, पार्थेना. आता मी मला येतं तसं करणार."

"लोक घेणार नाहीत. सुमेला मावशी तर हात लावणार नाही. तुला कळतंय का याचा अर्थ? आईच्या वाटची क्षमा कमी होईल. तुझ्या हट्टापायी."

हे मात्र आत जाऊन लागलं. पार्थेना भांडणात नेहमी बरोबर जागा शोधायची. ख्रिसान्थीने बदाम साखरेवर ठेवला, अंगठ्याने हलकेच दाबला. ए पूर्ण झालं, आईच्या नावाचं, एव्लाम्बियाचं ए. "ज्याला घ्यायचं नसेल त्याने घेऊ नये," ती म्हणाली, पण आवाज तिला हवा होता तितका घट्ट निघाला नाही. पार्थेना उठली, पर्स घेतली, दारातून परत वळून म्हणाली, "दुकानातून आणते मी दुसरा. उद्या तोच ठेवू." रात्रभर ताट थंड खोलीत होतं आणि ती तीनदा उठून बघून आली. अजून बदलता आलं असतं. उजव्या हाताने नुसतं वाढायचं, एवढं केलं की सगळे खूश, कोलिवा कुणी कुठल्या हाताने केला हे कोण विचारतंय. ही पळवाट तिला इतकी आवडली की पहाटे तिला स्वतःचीच भीती वाटली.

रविवारी पार्थेना रिकाम्या हातांनी आली. दुकान बंद होतं की तिनेच विचार बदलला, ते ख्रिसान्थीने विचारलं नाही. ताट वेदीसमोरच्या टेबलावर ठेवलं, मेणबत्ती लावली. पापा-थिमिओसांनी आईचं नाव घेतलं तेव्हा सगळ्यांचे उजवे हात उठले आणि एक डावा. कपाळ, पोट, उजवा खांदा, डावा खांदा, पापांनी सांगितलं होतं तसं अचूक. तिची उजवी बाही मनगटावरून वर सरकलेली होती, तिथली कातडी अजून पांढुरकी होती, आणि ती तिने झाकली नाही. "सुटलाय ना हात," पार्थेना ओठ न हलवता म्हणाली. "आन्थी. सगळे बघताहेत." "बघू देत," ख्रिसान्थी म्हणाली.

नंतर शेजारच्या खोलीत कॉफी मांडली होती, ब्रँडीचे छोटे पेले होते. ख्रिसान्थी ताटामागे उभी राहिली. साखरेचा थर मोडला, सगळं कालवलं, आणि कागदाच्या कपांत एकेक चमचा वाढायला लागली. डाव्या हाताने. पहिल्या दोघांच्या लक्षातच आलं नाही. त्यांनी कप घेतला, घास घेतला, देव तिला क्षमा करो म्हणाले आणि कॉफीकडे गेले. तिसऱ्या बाईने हाताकडे बघितलं, कप घेतला आणि न खाता टेबलावर ठेवून दिला. मग सुमेला मावशी आली. काठी एका हातात, दुसरा हात पुढे केलेला, पंजा वर. ख्रिसान्थीने कप भरून पुढे केला. मावशीचा पंजा मिटला.

"त्या हाताने नको," मावशी म्हणाली. खोलीतलं बोलणं हळूहळू थांबलं. "एव्लाम्बियाच्या नावाचं मी त्या हाताने घेणार नाही. उजव्याने दे, बाळ. एवढंच म्हणतेय. तुझ्या आईसाठी दे."

म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिच्या बोलण्यात कसलंच विष नव्हतं. नुसती कळकळ होती, आणि ख्रिसान्थीला कळलं की विष असतं तर बरं झालं असतं. सत्तर वर्षांपूर्वी नळावर गावातल्या बायकांनी आईसोबत हिचेही केस ओढले होते. पापा-थिमिओस डुलत डुलत पुढे आले. त्यांनी ख्रिसान्थीच्या पांढुरक्या मनगटावर हात ठेवला, आणि साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाले, "अजून दुखत असेल गं तिचा हात. परवाच तर प्लास्टर काढलंय. काय, ख्रिसान्थी? दुखतोय ना अजून?"

ते तिच्याकडे बघत होते आणि त्यांच्या नजरेत विनवणी होती. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. सुमेला मावशीने कप घेतला असता, आईच्या वाटची क्षमा पूर्ण झाली असती, पार्थेनाने सुटकेचा श्वास टाकला असता. आणि पुढच्या रविवारी पुन्हा कुणीतरी विचारलं असतं, काय गं, अजून दुखतोय? ख्रिसान्थीने आपला उजवा हात पापांच्या हाताखालून काढून घेतला, वर धरला, बोटं उघडली आणि मिटली.

"नाही, पापा," ती म्हणाली. "अजिबात दुखत नाही. बरा झाला आहे. मी डावखुरी आहे. जन्मापासून. आईला माहीत होतं, पार्थेनाला माहीत आहे, मावशी, तुम्हालाही माहीत होतं. माफी नको मला. हा तुमचा कोलिवा. हवा तर घ्या."

मावशीने कप घेतला नाही. ती वळली, काठी टेकत भिंतीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसली आणि रुमालाने डोळे पुसायला लागली. एक क्षमा कमी झाली. ख्रिसान्थीने ती कमी होताना स्पष्ट बघितली. तिच्या डाव्या हातात तो नाकारलेला कप तसाच होता. तिने चमचा उचलला. डाव्या हाताने आपल्या तोंडात अन्न घालायला ती या वयात, चार लोकांत, पहिल्यांदाच चालली होती. गहू मऊ शिजला होता, साखर जरा जास्त झाली होती. तिने सावकाश चावून गिळलं.

"देव तिला क्षमा करो," ती मोठ्याने म्हणाली, सगळ्यांनी म्हणायचं असतं तसं. मग जरा थांबून म्हणाली, "माझं मी बघेन."

पार्थेनाने मान खाली घातली. ख्रिसान्थीने दुसरा कप घेतला, चमचा भरला आणि रांगेत पुढे कोण आहे ते बघितलं.